वर्गातील पडदा केव्हा सुरू करावा आणि केव्हा बंद करावा

परळमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीच्या गणिताच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसले होते. विषय होता त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. बाईंनी जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक त्रिकोण काढून तो प्रोजेक्टरवर दाखवला आणि एका मुलीला पुढे बोलावून त्याचा एक शिरोबिंदू हवा तिकडे ओढायला सांगितला. त्रिकोण कधी चपटा झाला, कधी उंच झाला, तिन्ही कोनांची मापे सारखी बदलत राहिली, पण खाली दिसणारी बेरीज १८० वरून हलली नाही. ‘बाई, पार सपाट केला तरी?’ असे मागून कुणीतरी विचारले. मुलीने बिंदू ओढत ओढत जवळजवळ समोरच्या बाजूवर टेकवला, तेव्हा एक कोन १७८ अंशांचा झाला आणि उरलेले दोन एकेका अंशाचे राहिले. मग बाईंनी प्रोजेक्टर बंद केला आणि प्रत्येकाला वहीत आपापल्या मनाचा त्रिकोण काढून कोनमापकाने मोजायला लावले. कुणाची बेरीज १७९ आली, कुणाची १८२, आणि उरलेला तास हा फरक का पडला असावा या चर्चेत गेला.

त्याच आठवड्यात माझा सहावीतला भाचा घरी काय करत होता, तेही पाहण्यात आले. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विज्ञानाच्या धड्याच्या स्वाध्यायाची उत्तरे पीडीएफच्या रूपात आली होती आणि ती वहीत उतरवायची होती. आईचा फोन उशीला टेकवून, बोटाने पडदा वर सरकवत, तो तासभर लिहीत होता. अक्षर सुवाच्य होते, समासही नीट आखलेला होता. लिहून झाल्यावर मी त्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काय लिहिलेस असे सहज विचारले, तर त्याला प्रश्नही आठवेना.

पडदा दोन्ही ठिकाणी होता, इंटरनेटही बहुधा सारख्याच वेगाचे असेल. म्हणूनच ‘शाळेत तंत्रज्ञान असावे की नसावे’ या प्रश्नाचे होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. त्याऐवजी विचारावा असा प्रश्न म्हणजे, पडदा सुरू असताना त्या घटकेला विचार कोण करत आहे. परळच्या वर्गात यंत्राने आकृती हलवण्याचे आणि बेरीज करण्याचे काम उचलले होते आणि ‘असे का होते’ हा विचार मुलांकडे राहिला होता. भाच्याच्या बाबतीत विचार आधीच कुणीतरी करून पाठवला होता आणि मुलाकडे फक्त हाताचे काम उरले होते.

हे समजून घेण्यासाठी एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात, आणि या मर्यादित जागेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. नवी कल्पना या लहानशा जागेत उलटसुलट फिरवून, आधी माहीत असलेल्या गोष्टींशी जोडून घ्यावी लागते, तेव्हा कुठे ती दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीत जाते. या खटपटीला श्रम पडतात आणि ते श्रम मुलाच्या वतीने दुसऱ्या कुणाला करता येत नाहीत. चांगले साधन कार्यस्मृतीवरचा निरर्थक भार कमी करते, म्हणजे पन्नास त्रिकोण हाताने काढण्याचा कंटाळा वाचवते. वाईट रीतीने वापरलेले साधन ही खटपटच काढून घेते, किंवा मध्ये लुडबुड करून ती अर्धवट सोडायला लावते. कष्ट वाचवणे हा यंत्राचा एकच गुण आहे आणि तो एका तासाला फायदा ठरतो, तर दुसऱ्या तासाला तोटा.

हा फरक मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर पेरू आणि दिल्ली येथील दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत. पेरू सरकारने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली ग्रामीण प्राथमिक शाळांना लॅपटॉप पुरवले. ३१९ शाळांचा सुमारे १५ महिन्यांनंतर अभ्यास झाला, तेव्हा मुले संगणक खूपच जास्त वापरू लागली होती, परंतु गणित आणि भाषा यांतील त्यांच्या गुणांत काहीही फरक पडलेला नव्हता. यंत्रे आली, पण कोणत्या मुलाची कोणती अडचण त्यांनी सोडवायची, हे ठरलेले नव्हते आणि रोजची शिकवण्याची पद्धत होती तशीच राहिली होती.

दिल्लीतील प्रयोगाची सुरुवात नेमक्या याच प्रश्नापासून झाली. सरकारी शाळांतील मुलांची चाचणी घेतल्यावर असे आढळले, की सहावीतील मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहेत. सहावीच्या वर्गात बसलेल्या, पण तिसरी-चौथीच्या पातळीवर अडकलेल्या मुलाला पूर्णांकांचा धडा कितीही तळमळीने शिकवला, तरी तो त्याच्या डोक्यावरून जातो. यात ना त्याचा दोष असतो, ना शिक्षकांचा. या प्रयोगात निवडलेली मुले शाळा सुटल्यावर केंद्रावर येत. रोज ४५ मिनिटे माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर स्वतःच्या पातळीचे प्रश्न सोडवत आणि पुढची ४५ मिनिटे पंधराएक मुलांच्या गटात एका शिक्षक-साहाय्यकाबरोबर अभ्यास करत. सॉफ्टवेअर मुलाची चूक पाहून पुढचा प्रश्न निवडत असे. साडेचार महिन्यांनी या मुलांनी गणितात आणि हिंदीत इतर मुलांच्या मानाने लक्षणीय प्रगती केली होती, आणि विशेष म्हणजे नेहमीच्या वर्गात जी मागे पडलेली मुले जवळजवळ काहीच शिकत नव्हती, त्यांनाही येथे लाभ झाला. वर्गात साठ मुले असताना प्रत्येकाला वेगळा प्रश्न देणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नसते. यंत्राला ते शक्य असते, आणि तेथे त्याचा उपयोग खराखुरा आहे. हा लाभ एकट्या पडद्याचा होता असे मात्र म्हणता येत नाही, कारण निम्मा वेळ समोर माणूस होता.

मुलाच्या पातळीपासून शिकवायला सुरुवात करावी, हा विचार मुंबईला नवा नाही. येथील वस्त्यांमध्ये १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने तो खडू, कागद आणि वाचनाच्या साध्या पट्ट्या घेऊन वर्षानुवर्षे राबवला आहे. मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण टॅब नसल्यामुळे आपल्या शाळेला काही करता येत नाही, असे शिक्षक कधी कधी निराशेने बोलून दाखवतात.

उद्देश आधी ठरवणे का महत्त्वाचे आहे, हे मुंबईतल्याच एका उदाहरणावरून कळेल. दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी महापालिकेच्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब देण्यास सुरुवात झाली. गिरणगावातील जिने चढून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरचे वजन हा खरा प्रश्न होता आणि आजही आहे. तरीही दप्तर हलके होणे आणि बीजगणित समजणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. टॅबमुळे पहिले साधले का, हे तराजूवर मोजता येईल, पण दुसरे साधले का हे पाहायचे तर उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात. टॅब वाटण्याआधी कोणत्याही शाळेने, संस्थेने किंवा शासनाने आपण कोणते उद्दिष्ट मोजणार आहोत हे लिहून ठेवले, तर पुढचे बरेच वाद टळतील.

आता लक्ष विचलित होण्याविषयी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. तो फोनने स्कॅन केला की त्या पाठाशी संबंधित चित्रफिती आणि अधिकचे साहित्य उघडते, आणि धडा एरवी डोळ्यांपुढे उभा राहणार नाही असा असेल तर ते मोलाचे ठरते. पण हा कोड उघडण्यासाठी जो फोन मुलाच्या हाती द्यायचा, त्याच फोनवर क्रिकेटचा धावफलक, मित्राचा निरोप आणि अर्धवट सोडलेला गेम असतो. रक्ताभिसरणाची चित्रफीत चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी अलगद खाली येते, मुलाची नजर तिकडे जाते, आणि हृदयाच्या चार कप्प्यांपैकी तिसरा कोणता ते राहून जाते. दोष क्यूआर कोडचा नाही, फोन एकाच वेळी दहा जणांचा निरोप्या असतो हे त्याचे कारण आहे. तीच चित्रफीत शिक्षकांनी आधी उतरवून प्रोजेक्टरवर दाखवली आणि दोनदा मध्येच थांबवून प्रश्न विचारला, तर साहित्य तेच राहते आणि अडथळा जातो.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत, जिच्यात भारत सहभागी नव्हता, हेच चित्र आकड्यांत दिसले. शाळेत शिकण्यासाठी दिवसाला तासाभरापर्यंत डिजिटल साधने वापरणारे विद्यार्थी अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात सरासरी १४ गुणांनी पुढे होते, आणि शेजारचा विद्यार्थी साधन वापरत असल्यामुळे ज्यांचे लक्ष उडते असे विद्यार्थी इतरांपेक्षा सुमारे १५ गुणांनी मागे होते. अशा आकड्यांवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे सिद्ध होत नाही. शेजाऱ्याच्या फोनचा त्रास स्वतःकडे फोन नसलेल्या मुलालाही होतो, ही गोष्ट मात्र पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘माझ्या मुलाला मी समजावले आहे’ एवढ्याने भागत नाही.

मग फोनवर सरसकट बंदी घालावी का? फ्रान्सने २०१८ मध्ये साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी कायदाच केला आणि त्यानंतर अनेक देश त्या दिशेने गेले. इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांच्या एका अभ्यासात बंदीनंतर सर्वांत मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले आणि पुढे असलेल्यांना फरक पडला नाही, असे दिसले होते. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केल्यावर मात्र काहीच परिणाम आढळला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असे मत नोंदवून, शक्य तेथे फोन शाळेत जमा करून घ्यावेत आणि वर्गात वापरू देऊ नयेत, असा मध्यममार्ग सुचवला. मुंबईच्या दृष्टीने मला हा मार्ग पटतो. बदलापूरहून किंवा विरारहून लोकलने येणाऱ्या मुलीच्या पालकांना, पावसात गाड्या बंद पडल्या की तिच्याशी बोलता येणे ही चैन वाटत नाही, ती त्यांच्या जिवाची गरज असते. फोन दारात जमा करून शाळा सुटताना परत मिळाला, तर ही गरज भागते आणि वर्गही शांत राहतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे, कारण येथे उत्तर शोधण्याचेही श्रम उरत नाहीत. तुर्कस्तानात जवळजवळ हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. गणिताचा सराव करताना एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्या गटाला थेट उत्तर न देता टप्प्याटप्प्याने सूचना देणारा चॅटबॉट दिला आणि तिसऱ्याला फक्त पुस्तक व वही. सरावात पहिल्या गटाचे गुण तिसऱ्याहून ४८ टक्क्यांनी अधिक होते. नंतर साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तोच गट तिसऱ्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. सूचना देणाऱ्या चॅटबॉटच्या गटाला सरावात याहून मोठा फायदा झाला आणि परीक्षेत हा तोटा जवळजवळ झाला नाही. सरावाच्या वेळी सगळे सोपे वाटणे म्हणजे शिकणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसले असेल. आपल्या घरात हे असे आणता येते: मुलाने आधी वहीत स्वतः उदाहरण सोडवायचे, अडले तेथे रेघ मारायची, आणि मग चॅटबॉटला ‘उत्तर सांगू नकोस, माझी पायरी कोठे चुकली एवढेच सांग’ असे विचारायचे. शाळेत वापरासाठी किमान वय १३ असावे, असे युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. शिवाय चॅटबॉट चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो, त्यामुळे ज्या विषयाचा पाया मुलाला माहीत नाही, तेथे ती चूक त्याला ओळखता येत नाही.

वाचनाविषयी थोडक्यात सांगायचे, तर ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात माहितीपर मजकूर कागदावर वाचल्यावर पडद्यापेक्षा अधिक समजतो, असे आढळले; वेळेची मर्यादा असेल तर हा फरक वाढतो. धडा पुस्तकातून आणि पूरक चित्रफीत पडद्यावर, ही वाटणी म्हणूनच योग्य दिसते.

डोळ्यांच्या बाबतीत फक्त पडद्याला दोष दिला जातो, पण गोष्ट तेवढीच नाही. जवळचे काम फार आणि उजेडातला वेळ कमी, या दोहोंमुळे मुलांत लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, वाढते. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर काढले, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी आलेल्या मुलांचे प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिले. ज्या शहरात अनेक शाळांना स्वतःचे मैदान नाही आणि जेथे आहे तेथेही ते दोन सत्रांत वाटून घ्यावे लागते, तेथे खेळाच्या तासाला मुलांना संगणक कक्षात बसवणे हा दुहेरी तोटा आहे. वेळापत्रकात डिजिटल तास घालायचा असेल, तर तो मैदानाच्या तासातून कापू नये, अशी माझी सर्व मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे.

विषमतेचा अनुभव तर आपण सर्वांनीच घेतला आहे. मार्च २०२० पासून मुंबईतील शाळा बंद झाल्या आणि आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर लहान वर्ग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उघडले. त्या काळात दहा बाय बाराच्या खोलीत तीन भावंडे आणि एक फोन असे, आणि तो फोन घेऊन वडील कामावर गेले की दिवसाची शाळा संपत असे. रात्री नऊनंतर फोन हाती आल्यावर मोठी बहीण आधी तिचा दहावीचा अभ्यास करी आणि धाकट्याची पाळी येईपर्यंत डेटा संपलेला असे. शाळा उघडल्यावर ही विषमता नाहीशी झाली असे मानणे चुकीचे होईल. गृहपाठ ग्रुपवर टाकण्याची सवय राहिली आहे आणि ज्याच्या घरात एकच फोन आहे, त्याला तो अजूनही रात्रीच मिळतो. जो गृहपाठ फळ्यावर लिहून देता येतो, तो ग्रुपवरच देण्याचे कारण काय, असे प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावे.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका विदेचा, म्हणजे डेटाचा आहे. शाळेचे ॲप फोनवर घेताना ते संपर्क यादी, ठिकाण, कॅमेरा यांची परवानगी मागते आणि घाईत आपण प्रत्येक वेळी ‘अनुमती द्या’ दाबतो. हजेरी आणि गृहपाठ दाखवणाऱ्या ॲपला मूल आत्ता कोठे आहे हे कशाला हवे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही. मुलाची नोंद ठेवणे हा येथेही दुधारी गुण आहे, कारण दिल्लीतील सॉफ्टवेअर मुलाच्या चुका नोंदवून ठेवत होते म्हणूनच ते त्याला योग्य प्रश्न देऊ शकत होते. त्याच नोंदी जाहिरातदाराच्या हाती गेल्या, तर मूल कशात कच्चे आहे हे त्याला क्लास विकण्याचे साधन बनते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे आणि मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई केली आहे. या कर्तव्यांच्या भंगाबद्दल २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि शाळांना शैक्षणिक कामापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती काही सूट देण्यात आली आहे. ही सूट मर्यादित आहे. संमतीपत्रावर सही करताना माहिती कोणती घेणार, कोणाकडे राहणार आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती पुसली जाणार का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

ऑनलाइन छळ आणि फसवणूक यांविषयी मुलांना भीती घालण्यापेक्षा वाट दाखवणे उपयोगाचे ठरते. कुणी त्रास देत असेल, फोटो मागत असेल किंवा धमकावत असेल, तर संभाषण पुसून न टाकता त्याचे स्क्रीनशॉट ठेवायचे आणि घरातील किंवा शाळेतील एका विश्वासू मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगायचे. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले असावेत. ‘सांगितले तर फोन काढून घेतील’ या भीतीने मुले गप्प राहतात. तेव्हा फोन काढून घेतला जाणार नाही, हे आश्वासन पालकांनी आधीच देऊन ठेवलेले बरे.

जूनमधील पहिल्या पालक सभेत गणवेश आणि सहलीबरोबर या विषयालाही अर्धा तास द्यावा. वर्षभरात कोणते साधन, कोणत्या विषयासाठी, आठवड्यातून किती वेळ वापरले जाणार आहे आणि ते नसते तर काय अडले असते, हे शाळेने एका पानावर मराठीत लिहून पालकांना द्यावे. सहामाही परीक्षा झाल्यावर ते पान आणि मुलांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या साधनाने काही अडलेले सुटले नाही, ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या वेळापत्रकातून काढावे आणि मोकळा झालेला तास वाचनाला किंवा मैदानाला द्यावा.